उपनगराचे वय आणि आपले वय

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





जयंतीच्या व्यासपीठावरून साधारणतः बाबासाहेबांच्या जीवनकार्याचे एखादे अंग उलगडून दाखवण्याचा प्रघात आहे. आज आम्ही एक वेगळा, वरवर पाहता रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या साउथॉल या उपनगरातील पुरुषांच्या वयोरचनेत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे स्थित्यंतर झाले, त्याचा हा विषय आहे. कोणत्या वयाचे किती पुरुष तेथे होते, ते कसे आले, एकाच वेळी कसे वृद्ध झाले आणि त्यातून आपण काय शिकावे, एवढेच सांगायचे आहे.

हा विषय बाबासाहेबांना परका नव्हता. भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ साली निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे लहान आहेत हे मूळ दुखणे नसून जमिनीवर अवलंबून असलेले पण काम नसलेले हात हे मूळ दुखणे आहे, आणि त्यावर औद्योगिकीकरण हा उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. माणसांची संख्या, त्यांचे वय, त्यांना मिळणारे काम आणि त्यांचे दारिद्र्य यांचा परस्परसंबंध त्यांनी तरुणपणापासून अभ्यासला होता. तीच दृष्टी घेऊन आपण एका उपनगराकडे पाहणार आहोत.

प्रथम वयोरचना म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एखाद्या वस्तीतील माणसे वयानुसार एकावर एक थर रचून मांडली, तळाशी बालके आणि शिखरावर वृद्ध, डाव्या हाताला पुरुष आणि उजव्या हाताला स्त्रिया, तर जी आकृती तयार होते तिला लोकसंख्येचा मनोरा म्हणतात. निसर्गाचा नियम असा की दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात. परंतु पुरुषांचा मृत्युदर प्रत्येक वयात काहीसा अधिक असल्याने वय वाढेल तशी ही आघाडी नाहीशी होते आणि शिखरापाशी स्त्रियांची संख्या अधिक दिसते. कोणत्याही वस्तीचा मनोरा याहून फार निराळा दिसू लागला, की समजावे, येथे निसर्गाखेरीज आणखी कोणाचा तरी हात आहे. तो हात बहुधा कायद्याचा, मजुरीचा किंवा समाजाने उभारलेल्या भिंतींचा असतो.

साउथॉल हे मूळचे मिडलसेक्स परगण्यातील गाव. कालवा आला, १८३९ साली रेल्वेस्थानक झाले आणि विसाव्या शतकात कारखान्यांची रांग उभी राहिली. लंडनच्या प्रसिद्ध रूटमास्टर बसगाड्या घडवणारा ए.ई.सी. कारखाना येथलाच. दोन महायुद्धांच्या दरम्यान मंदीच्या काळात वेल्समधील बेकार कामगार येथे पोट भरण्यासाठी आले. म्हणजे बाहेरून आलेल्या तरुण पुरुषांचे हे गाव आपल्या लोकांच्या आधीपासूनचेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजुरांची तीव्र टंचाई भासू लागली. शेजारच्या हेज येथील वूल्फ यांच्या रबर कारखान्यात उष्णता, धूळ आणि रात्रपाळी असे काम होते. स्थानिक कामगार ते करावयास तयार नव्हते. १९५० नंतरच्या दशकात तेथे पंजाबातील पुरुष मोठ्या संख्येने लागले. त्यांतील अनेक जण जालंधर, होशियारपूर या जिल्ह्यांतील होते, आणि त्यांच्यात दलित समाजाचे पुरुषही होते. ब्रिटनमध्ये बाबासाहेबांचे नाव आणि बौद्ध धम्म रुजवण्यात या पंजाबी बांधवांचा फार मोठा वाटा आहे, हे आपण महाराष्ट्रातून आलेल्यांनी कृतज्ञतापूर्वक लक्षात ठेवले पाहिजे. गोऱ्या मालकाच्या दृष्टीने सगळे एकाच रंगाचे होते. परंतु यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या सोबत्याला गावाचे आणि जातीचे नाव विचारले जातच होते.

त्या काळातील भारतीय साउथॉलचा मनोरा डोळ्यांपुढे आणा. तो मनोरा नव्हेच. तळाशी मुले नाहीत, शिखरावर वृद्ध नाहीत, उजव्या हाताला स्त्रिया जवळजवळ नाहीत. मध्ये वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांचा एक जाड पट्टा तेवढा आहे. एका घरात दहा-पंधरा पुरुष राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा निजे. स्वयंपाक पाळीपाळीने होई, आणि रविवारी पत्रे लिहिली जात.

हे वर्णन ऐकताना आपल्यापैकी अनेकांना आपल्या आजोबा-पणजोबांची मुंबई आठवली असेल. गिरणगावातही असेच होते. १९११ आणि १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम पाचशेच्या थोड्या वर होत्या. परळ, लालबाग, डिलाईल रोड येथील चाळींत एकाच गावची मंडळी एका खोलीत राहत, खाणावळीत जेवत आणि महिन्याकाठी मनिऑर्डर करीत. मुंबईत जे पुरुष जास्त मोजले गेले, तेच कोकणात कमी मोजले गेले. ही तूट अजून भरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. एका ठिकाणचा फुगवटा ही दुसऱ्या ठिकाणची पोकळी असते, आणि त्या पोकळीत एखादी स्त्री एकटीने शेत, सासू-सासरे आणि मुले सांभाळीत असते.

आता या व्याख्यानातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. गिरणगावातील पुरुष आणि सुरुवातीचे साउथॉलमधील पुरुष यांच्यात एक साम्य होते. दोघेही कायमचे राहण्यासाठी आलेले नव्हते. काका दहा वर्षे राबून गावी परतावा, त्याच्या जागी पुतण्याने यावे, असा क्रम होता. नदीतले पाणी वाहत जाते, पण पात्रातील पातळी तेवढीच राहते, तसे हे होते. माणसे बदलत, पण वस्तीचे वय वाढत नसे. वस्ती सदैव पंचविशी-तिशीतच राही.

हा प्रवाह एका कायद्याने थांबवला. राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला आणि १ जुलै १९६२ पासून तो अमलात आला. दार बंद होणार याचा सुगावा लागताच गर्दी उसळली. गृहखात्याच्या अंदाजानुसार भारतातून १९६० साली सुमारे ५,९०० माणसे आली होती. १९६१ साली सुमारे २३,७५० आली आणि १९६२ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे १९,०५० आली. दार मिटताना जो आत होता, तो आत राहिला. आता परतणाऱ्या काकाच्या जागी पुतण्या सहजासहजी येऊ शकणार नव्हता, आणि एकदा गेलेल्या काकालाही पुन्हा येण्याची शाश्वती उरली नव्हती. पत्नी आणि सोळा वर्षांखालील मुले यांना मात्र आणता येत होते. त्या पुरुषांनी सरळ हिशेब केला आणि कुटुंबे बोलावून घेतली.

स्थलांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने असे कायमचे वास्तव्य घडवून आणले. येणारा-जाणारा प्रवाह गोठला आणि एकाच वयाचा एक मोठा जथा एका गावात स्थिर झाला. त्या दिवसापासून साउथॉल वृद्ध होऊ लागले. दरवर्षी बरोबर एक वर्षाने, सगळे मिळून, एकाच वेळी.

पुढील दहा-पंधरा वर्षांत मनोऱ्याचा तळ भरला. शाळांतील भारतीय मुलांची संख्या इतकी वेगाने वाढली की १९६३ साली गोऱ्या पालकांनी तक्रारी केल्या. शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल स्वतः आले आणि त्यानंतर आपल्या मुलांना बसगाड्यांत घालून दूरदूरच्या शाळांत विखुरण्याचे धोरण आले. ते दहा वर्षांहून अधिक काळ चालले. केनिया आणि युगांडातून आलेल्या कुटुंबांनी, विशेषतः १९६८ आणि १९७२ या वर्षांच्या आसपास, वस्तीत आणखी भर घातली. ती मात्र आजी-आजोबांसह आलेली संपूर्ण कुटुंबे होती. १ जानेवारी १९७३ पासून नवा स्थलांतर कायदा लागू झाला आणि कामासाठी येणाऱ्या एकट्या तरुण पुरुषाचे दार जवळजवळ बंद झाले.

वैद्यकाच्या दृष्टीने हा इतिहास वेगळ्या भाषेतही वाचता येतो. वस्तीचे वय बदलले की तिचे आजार बदलतात. पहिल्या काळात, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुणांचा आजार होता क्षय. मग कुटुंबे आली आणि बाळंतपणे, बालकांच्या पायांतील मुडदूस, स्त्रियांमधील ड जीवनसत्त्वाची कमतरता हे प्रश्न पुढे आले. पुढे तो जथा चाळिशी-पन्नाशीत पोहोचला आणि हृदयविकार व मधुमेह यांनी त्याला गाठले. १९८८ ते १९९१ या काळात लंडनमध्ये, विशेषतः साउथॉल परिसरात, ४० ते ६९ वयोगटाची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३,१९३ पुरुष आणि ५६१ स्त्रिया तपासल्या गेल्या. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर युरोपियनांत ४ टक्के आढळले. पोटाभोवतीची चरबी आणि शरीराने इन्सुलिनला दाद न देणे ही त्यामागची कारणे असल्याचे त्या अभ्यासाने दाखवून दिले. त्याच लोकांचा वीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा असे दिसले की वयाच्या ऐंशीपर्यंत दक्षिण आशियाई लोकांपैकी ४० ते ५० टक्क्यांना मधुमेह जडलेला असतो. युरोपियनांच्या तुलनेत किमान दुप्पट.

या आकड्यांमागची माणसे कोण, ते ध्यानात घ्या. १९६१ साली पंचविशीत असलेला कामगार १९९१ साली पंचावन्न वर्षांचा झाला होता. पाहणीत सापडलेला मधुमेही बहुतांशी तोच होता. ज्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र तरुणपणी क्षयासाठी काढले गेले, त्याच्या हृदयाचा आलेख उतारवयात काढला गेला. रोगाने पिढी बदलली नाही. पिढीने रोग बदलले.

याच सुमारास आणखी एक आघात झाला. १९७९ साली ए.ई.सी. कारखाना बंद पडला, आणि त्या मागोमागच्या वर्षांत परिसरातील इतर कारखानेही आटत गेले. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या पुरुषांना एकदम घरी बसावे लागले. नवे काम शिकण्याचे वय उरले नव्हते आणि निवृत्तिवेतनाचे वय दूर होते. आमच्या महाराष्ट्रातील वाचकांना आणि श्रोत्यांना येथे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आठवल्यावाचून राहणार नाही. एकाच वयाच्या पुरुषांची वस्ती एकाच धंद्यावर उभी असली, की तो धंदा बुडताना सगळी वस्ती एकाच वयात बुडते. साउथॉलच्या अनेक घरांत त्या काळात संसार चालवला तो स्त्रियांनी. विमानतळावरील सफाई, खाद्यपदार्थांचे कारखाने, शिवणकाम यांतून त्यांनी घर उभे ठेवले. पुष्कळ पुरुषांनी मात्र दारूचा आधार घेतला, आणि त्याची किंमत यकृताने व कुटुंबाने मोजली.

आजचे साउथॉल पाहिले तर पुरुषांचे दोन निराळे थर दिसतात. एक, त्या मूळ जथ्यातील उरलेले वृद्ध. ते गुरुद्वाराच्या आवारात, वाचनालयात, बागेतील बाकांवर बसलेले दिसतात. दुसरा, अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत आलेले तरुण. पंजाबातून आलेले विद्यार्थी आणि बांधकाम मजूर, अफगाण, सोमाली, आणि पोर्तुगीज पारपत्रावर आलेले गोमंतकीय असे अनेक जण त्यांत आहेत. कागदपत्रे नसलेले काही तरुण घरामागच्या पत्र्याच्या किंवा विटांच्या शेडमध्ये भाड्याने राहतात. १९५५ साली जे दृश्य घरात होते, तेच आता परसात आहे. या दोन थरांच्या मधले, म्हणजे येथे वाढलेले मुलगे, शिकून-सवरून बाहेरच्या उपनगरांत राहावयास गेले. म्हातारा बाप जुन्या घरात आणि मुलगा मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. घर रिकामे नाही, पण दुपार रिकामी आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आखाती देशांचे. तेथील निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की परतावे लागते. म्हणून दुबईच्या सोनापूरसारख्या कामगार वसाहती कधी म्हाताऱ्या होत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीच्या लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश पुरुष आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य कामाच्या वयाचे आहेत. त्या देशाने तारुण्य वापरून घेतले आणि वार्धक्य आपल्याकडे परत पाठवले. मुंबईत गावाची रीत, आखातात परवान्याची मुदत आणि साउथॉलमध्ये दरवाजा बंद करणारा कायदा, अशा तीन यंत्रणांनी तीन प्रकारच्या पुरुषवस्त्या घडवल्या. संस्कृती किंवा स्वभाव यांचा त्यात वाटा असेल, पण तो दुय्यम होता.

आता आपल्याकडे वळू. आपण, म्हणजे महाराष्ट्रातून या देशात आलेली बौद्ध कुटुंबे, संख्येने थोडी आहोत. परंतु आपलीही एक वयोरचना आहे, आणि तीही कायद्यानेच घडवली आहे. पहिली तुकडी १९६० आणि १९७० च्या दशकांतील डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते यांची. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ आणि औरंगाबादेतील मिलिंद या महाविद्यालयांनी जी शिकलेली पिढी घडवली, तिचा विस्तार साता समुद्रापलीकडे झाला. दुसरी, फार मोठी तुकडी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकक्षेत्रात आली. ही मंडळी येताना बहुतेक पंचवीस ते पस्तीस वयाची होती. म्हणजे पुन्हा एक अरुंद पट्टा. पुन्हा एक जथा.

आणि आपल्या मनोऱ्याचे शिखर रिकामे आहे. ९ जुलै २०१२ पासून वृद्ध आई-वडिलांना येथे कायमचे आणण्याचे नियम इतके कठोर झाले की ती वाट जवळजवळ मिटली. आपले आई-वडील नागपूर, औरंगाबाद, अमरावती, ठाणे येथे एकटे म्हातारे होत आहेत. त्यामुळे आपल्या मुलांनी घरात म्हातारपण पाहिलेलेच नाही, आणि आपणही ते सुट्टीतल्या तीन आठवड्यांपुरतेच पाहतो. आपल्या जयंतीला मुलांची नृत्ये होतात, भीमगीते होतात, सभागृह तरुण दिसते. १९७० साली साउथॉलही असेच दिसत होते. त्या वेळी तेथे वृद्धांसाठी जागा हवी असे कोणी म्हटले असते, तर लोक हसले असते. आपली मोठी तुकडी येत्या पंधरा-वीस वर्षांत जवळजवळ एकाच वेळी निवृत्त होईल. तेव्हा शेजाऱ्याला मदत करणारा शेजारीही तितकाच म्हातारा असेल. हा यातला खरा धोका आहे.

पुरुषांविषयी आम्ही विशेष बोलतो आहोत, त्यालाही कारण आहे. आपल्या स्त्रियांनी शाळेच्या दारात, शेजारात, विहारात आपापली नाती जोडली. पुरुषांची मैत्री बहुधा कामाच्या जागी असते, आणि काम सुटले की ती सुटते. दुखणे लपवण्याची सवय आपल्या पुरुषांत खोल आहे. छातीत कळ आली तरी 'पित्त झाले असेल' म्हणून तो दोन दिवस काढतो. पत्नीच्या तपासणीची तारीख त्याच्या ध्यानात असते, स्वतःचे पत्र मात्र न उघडता पडलेले असते. शेवटी त्याची शुश्रूषा पत्नीवर किंवा लेकीवर येते, आणि तिला विचारण्याचीही आपल्याकडे पद्धत नाही.

येथे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाचे स्मरण होते. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि त्या धक्क्याने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर जरा, व्याधी आणि मृत्यू पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, कारण या तर नित्य घडणाऱ्या गोष्टी आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या संघर्षात गृहत्यागाचे कारण दाखवले. आम्हांला वाटते, यातून आपल्यासाठी एक साधा बोध निघतो. वार्धक्य ही अकस्मात दिसणारी गोष्ट नव्हे. ते आधीपासून मोजता येते. जो समाज ते पासष्टाव्या वर्षी प्रथमच पाहिल्यासारखे दचकतो, त्याने डोळे मिटून घेतलेले असतात. आणि वृद्धांचे हाल हा केवळ दुःखाचा विषय नाही. पाण्याच्या वाटणीसारखाच तो वाटणीचा आणि व्यवस्थेचा प्रश्न आहे.

मग करावे काय? आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली, गणती. आपल्या संस्थेच्या सभासदांची वयवार नोंद ठेवावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये जनगणनेत धर्माचा प्रश्न २००१ साली आला. २०२१ च्या जनगणनेत येथे सुमारे २ लक्ष ७३ हजार लोकांनी बौद्ध अशी नोंद केली. परंतु त्यांत श्रीलंका, थायलंड, चीन, व्हिएतनाम येथील बांधव आणि येथले धर्मांतरित असे सगळेच आहेत. आपण किती आणि कोणत्या वयाचे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. ते आपले आपणच मोजले पाहिजे. पुढील जनगणनेत बौद्ध ही नोंद निःसंकोच करावी, हे सांगणे नलगे.

दुसरी, तपासणी. आपल्या लोकांसाठी वजन-उंचीचा निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे आणि २७.५ झाला की धोका मोठा आहे असे समजावे. युरोपियनांचे २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू नाहीत. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून हृदयविकार-मधुमेहासारखा आजार नसलेल्या व्यक्तींना दर पाच वर्षांनी आरोग्यतपासणीचे आमंत्रण येते. पुरुषांना पासष्टाव्या वर्षी पोटातील महारोहिणीच्या फुगवट्याची तपासणी विनामूल्य मिळते. ही पत्रे उघडावीत आणि जावे. बावीस प्रतिज्ञांपैकी मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा ही आरोग्याच्या दृष्टीनेही किती दूरदर्शी होती, हे साउथॉलमधील कोणताही डॉक्टर सांगेल.

तिसरी, जागा आणि काम. आपले कार्यक्रम शनिवारी-रविवारी होतात, कारण ते नोकरी करणाऱ्यांनी नोकरी करणाऱ्यांसाठी आखले आहेत. निवृत्त माणसाला मंगळवारची दुपार कठीण जाते. आठवड्यातून एक दिवस दुपारी काही तास विहार किंवा भाड्याचे सभागृह उघडे असावे. तेथे वृद्धांना केवळ चहा देऊन बसवू नये. त्यांना काम द्यावे. मुलांना मराठी शिकवणे, जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे लावून ठेवणे, नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला बँकेचे आणि दवाखान्याचे व्यवहार समजावणे, यांतले पुष्कळ त्यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

चौथी, भाषा आणि कागद. स्मृतिभ्रंशाच्या आजारात उशिरा शिकलेली भाषा पुष्कळदा आधी सुटते. चाळीस वर्षे इंग्रजीत कारभार केलेला माणूस शेवटी आईच्या बोलीत पाणी मागतो, आणि शुश्रूषागृहात ते कोणाला कळत नाही. अशा माणसाकडे आठवड्यातून तासभर जाऊन वऱ्हाडीत, कोकणीत, मराठवाडी बोलीत बोलणारे चार तरुण आपल्याकडे असावेत. तसेच मृत्युपत्र, आणि आपले भान हरपल्यास निर्णय कोणी घ्यावेत याचे मुखत्यारपत्र, शुद्धीत असतानाच करून ठेवावे. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा अशी इच्छा असेल, तर तीही लिहून ठेवावी.

साउथॉलच्या त्या पहिल्या पुरुषांनी पुष्कळ उभारले. कामगार संघटना उभारली, प्रार्थनास्थळे उभारली, वर्णद्वेषाशी उघड लढा दिला. त्यांना आपल्या म्हातारपणाचा विचार करण्यास उसंत मिळाली नाही, कारण आपण येथे म्हातारे होऊ असेच त्यांना बरीच वर्षे वाटले नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. त्यांचा इतिहास आपल्यापुढे आहे, आकडे आपल्यापुढे आहेत, आणि अजून थोडा वेळही हाताशी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत वयवार नोंदीचा ठराव मांडला जावा आणि मंगळवारच्या दुपारची जबाबदारी कोणीतरी स्वीकारावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम. नमो बुद्धाय.